६५० सीसीमधून फक्त ४७ बीएचपी? इंटरसेप्टरच्या घडणीबद्दल एक लांबलेलं उत्तर

प्रश्न असा आला आहे: “काका, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. घरून गाडीला होकार मिळालाय. रॉयल एन्फिल्डची इंटरसेप्टर ६५० डोक्यात आहे, पण मित्र हसतात. म्हणतात, ६५० सीसीमधून ४७ बीएचपी म्हणजे जुनाट इंजिन, केटीएमची ३९० ड्यूक जवळपास तेवढंच देते. मग कंपनीने एवढी वर्षं डेव्हलपमेंट केली म्हणजे नेमकं काय केलं?”

मित्रांचे आकडे बरोबर आहेत. (बीएचपी आणि पीएस, दोन्ही इंजिनाची ताकद घोड्यांत मोजतात, फरक अगदी थोडा.) नवी ड्यूक ३९९ सीसीमधून ४६ पीएस काढते, इंटरसेप्टर ६४८ सीसीमधून ४७ बीएचपी. इंजिनाच्या लिटरमागे, म्हणजे १००० सीसीमागे धरलं तर ड्यूक ११० च्या पुढे आणि ही जेमतेम ७२. कॅन्टीनच्या टेबलावर हा कागद ठेवला तर इंटरसेप्टर हरणारच. पण ‘इंजिनाला जमलं तेवढं दिलं’ असा हा आकडा नाही. तो आधी ठरला आणि इंजिन त्याच्याभोवती बांधलं गेलं, असं माझं मत आहे. का, ते सांगतो. उत्तर लांबेल, चहा घेऊन बस.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे कुठलं बोलणं किती धरायचं ते तुला कळेल. बावीस वर्षं मी अंबडला आणि पुढे चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यांत डेव्हलपमेंटला होतो. गाडीवाल्यांकडून ड्रॉइंग यायचं, आम्ही पहिले नमुने बनवायचो, ते टेस्टला मोडायचे, पुन्हा बनवायचो. आता अंबड लिंक रोडला स्वतःचं वर्कशॉप आहे. इंटरसेप्टरच्या कामात माझा कसलाही हात नव्हता. पण महिन्याला तीन-चार ६५० तरी माझ्या रॅम्पवर चढतात, आणि उघडलेलं इंजिन बरंच काही बोलतं.

तर ४७ बीएचपी. युरोपात मोटरसायकलचं लायसन्स टप्प्याटप्प्याने मिळतं. मधल्या टप्प्याला ए-टू म्हणतात, आणि २०१३ पासून त्याची मर्यादा ३५ किलोवॉट आहे. ३५ किलोवॉटचे बीएचपी कर बघू. बरोबर ४७. त्याच नियमात दुसरी अट आहे, किलोमागे ०.२ किलोवॉटपेक्षा जास्त ताकद नको. इंटरसेप्टरचं वजन इंधन न धरता २०२ किलो, म्हणजे तिथेही ती आरामात बसते. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

आता तू म्हणशील, नाशिकच्या पोराला युरोपच्या लायसन्सशी काय देणंघेणं? देणंघेणं किमतीशी आहे. ही गाडी नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिल्यांदा दाखवली ती मिलानच्या प्रदर्शनात, पत्रकारांना चालवायला दिली ती २०१८ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात, आणि आपल्याकडे १४ नोव्हेंबर २०१८ ला आली ती अडीच लाख एक्स-शोरूमला. त्याच सुमारास कावासाकीची झेड६५० इथे सव्वापाच लाखांच्या आसपास होती. तिचं इंजिनही दोन सिलिंडरचं, ६४९ सीसीचं, पाण्याने थंड होणारं, ६८ पीएस देणारं. सीसी जवळपास सारखे, ताकदीत वीस घोड्यांचा फरक आणि किंमत निम्मी. ही निम्मी किंमत तेव्हाच परवडते जेव्हा तेच इंजिन चेन्नईलाही विकता येतं आणि लंडनच्या नवशिक्यालाही. मोल्ड, डाय, फिक्स्चर यांचा खर्च एकदाच होतो, तो किती गाड्यांवर वाटला जातो यावर सगळं अवलंबून. आमच्याकडे जुने साहेब म्हणायचे, “ड्रॉइंग फुकट असतं रे, टूलिंग नाही.”

कमाल ताकद अशी बांधून घेतली की डिझाइनरला मग एकच मोकळीक उरते: ती ताकद कुठल्या आरपीएमपर्यंत (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या) कशी पसरवायची. इथे मित्रांना एक प्रश्न विचार. ड्यूकचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, ३९ न्यूटन मीटर, ६५०० आरपीएमला. इंटरसेप्टरचा ५२, साधारण ५२५० ला. आणि कंपनीचा दावा असा की यातला ८० टक्के टॉर्क २५०० लाच मिळतो. गुणाकार कर, साडेएकेचाळीस होतात. म्हणजे ड्यूक कितीही पिळली तरी जेवढा टॉर्क देते, त्याहून जास्त ही गाडी डुलकी घेत असतानाच देते.

रस्त्यावर याचा अर्थ असा. चांदवडच्या बाजूने येतोयस, पुढे कांद्याचा ट्रक, वेग ४०-४५. तू पाचव्या गिअरमध्ये आहेस. ड्यूकवाला दोन गिअर खाली टाकेल, इंजिन किंचाळेल, आणि तो तुझ्याआधी पुढे जाईल हेही मान्य. तू गिअरला पायसुद्धा लावणार नाहीस, नुसती मूठ फिरवशील. स्टँडर्ड जातीच्या गाडीचं सगळं शास्त्र या एका ओव्हरटेकमध्ये आहे. फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) नाही, बसायचं सरळ, हँडल हाताशी, एका जागी ठाण मांडून दिवसभर चालवायची गाडी. तिला वरच्या आरपीएमची ताकद देऊन उपयोग काय? ताशी १५० ला छातीवर वारा बसला की कुणीही आपणहून मूठ सोडतो. आणि आपल्या भागात १५० ला जायला रस्ता एकच, समृद्धी, तिथे दुचाकीला बंदी.

आता क्रँकवर येऊ, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्यावर. हा माझा आवडता भाग आहे, इथे मी रेंगाळणार.

सायकलची पेडलं डोळ्यांसमोर आण. एक पेडल वर असतं तेव्हा दुसरं बरोबर खाली. हा झाला १८० अंशांचा क्रँक, झेड६५० चा असाच आहे. आता समज, एखाद्या येड्याने दोन्ही पेडलं एकाच दिशेला बसवली. दोन्ही पाय एकदम वर, एकदम खाली, बेडूकउड्या. हा ३६० अंशांचा, जुन्या इंग्लिश ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या गाड्यांचा. तिसरा प्रकार, एक पेडल वर आणि दुसरं आडवं. हा २७० अंशांचा, आणि इंटरसेप्टरमध्ये हाच बसवलाय.

फरक काय पडतो? पिस्टन वर पोचला की क्षणभर थांबतो, खाली पोचला की पुन्हा थांबतो, मधे कुठेतरी तो सगळ्यात जोरात असतो. १८० आणि ३६० या दोन्हीत दोन्ही पिस्टन एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी धावतात. म्हणजे एका फेरीत दोनदा सगळं वजन थांबवायचं आणि दोनदा पळवायचं, आणि हा झोल क्रँकच्या फिरण्यात उतरतो. २७० मध्ये एक थांबतो तेव्हा दुसरा ऐन भरात असतो. एकाची सुटलेली गती दुसरा उचलतो, क्रँक जास्त एकसारखा फिरतो. मागच्या चाकाला रस्त्याची पकड जाणवते ती यामुळे, असं चालवणारे सांगतात. मला ते पटतं.

दुसरी गोष्ट कंपनांची. पिस्टनचा वरच्या अर्ध्या वाटेतला वेग आणि खालच्या अर्ध्या वाटेतला वेग सारखा नसतो, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होतो म्हणून. त्यातून क्रँकच्या दुप्पट वेगाने एक बारीक थरथर निघते. हँडलच्या टोकाला मुंग्या येतात ना, तीच. १८० आणि ३६० मध्ये दोन्ही सिलिंडरची ही थरथर एकात एक मिसळून वाढते, २७० मध्ये एकमेकींना खाऊन टाकते. उरतो तो मोठा, क्रँकच्या वेगाचा धक्का. त्याच्यासाठी एक बॅलन्सर शाफ्ट (उलटं वजन फिरवणारा दांडा) पुरतो.

स्फोटांची वेळही बदलते. चार स्ट्रोकचं चक्र ७२० अंशांचं. ३६० च्या क्रँकमध्ये दर ३६० अंशांनी एक स्फोट, घड्याळासारखं टकटक. २७० मध्ये एका स्फोटानंतर २७० अंशांनी दुसरा, मग ४५० अंशांची विश्रांती. धड-धड, जागा, धड-धड, जागा. नव्वद अंशांच्या व्ही-ट्विनची (‘व्ही’ आकारात दोन सिलिंडर) चाल हीच, म्हणून डोळे मिटून ऐकलं तर इटालियन गाडी वाटते. ही युक्ती रॉयल एन्फिल्डची नाही बरं का. यामाहाने १९९५ मध्ये टीआरएक्स८५० ला हा क्रँक दिला, २०१४ मध्ये एमटी-०७ ला दिला आणि मिडलवेट गाड्यांत त्याची साथच पसरली.

मूळ इंटरसेप्टर १९६० च्या दशकातली, ७३६ सीसीची, मुख्यतः अमेरिकेसाठी बनवलेली. कंपनीचा इंग्लंडातला रेडिचचा कारखाना १९६७ ला बंद पडला आणि १९७० पर्यंत ती गाडीही संपली. आपल्याकडे मद्रासला बुलेट चालू राहिली, म्हणून नाव टिकलं. त्या जुन्या ट्विनचा क्रँक ३६० चा होता, आणि तेलगळतीमुळे इंग्लंडात त्यांना ‘रॉयल ऑइलफील्ड’ म्हणून चिडवायचे. नवीन गाडी करताना दिसायला तेच हवं, चालायला मात्र ते अजिबात नको, अशी विचित्र मागणी डिझाइनरपुढे होती. दोन उभी सिलिंडरं, पंखांसारखे हवेचे फिन, चकचकीत कव्हर, हे सगळं बाहेरून १९६० चं. आत एकसंध फोर्ज केलेला २७० चा क्रँक, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, बॉशचं फ्युएल इंजेक्शन, स्लिपर क्लच, सहा गिअर. (अमेरिकेत तिला इंटरसेप्टर हे नाव लावताच आलं नाही, ते होंडाकडे होतं. तिथे ती नुसती आयएनटी ६५०.)

‘एकसंध फोर्ज केलेला क्रँक’ हे ब्रोशरमध्ये चार शब्दांत संपतं. ते चार शब्द प्रत्यक्षात उतरायला काय लागतं, त्याचा माझा एक अनुभव सांगतो. गाडी वेगळी, कंपनीचं नाव सोडून दे.

आमच्याकडे एका नव्या इंजिनाच्या क्रँकशाफ्टचं काम आलं. पाच नमुने दिले. रिगवर वाकवायचं, पिळायचं, लाखो वेळा. चार टिकले, पाचवा निम्म्या फेऱ्यांत गेला. चार पास, एक फेल, त्यामुळे कुणालाही वाटावं की लोखंडात खोट असेल. मटेरियल तपासलं, चोख. कडकपणा तपासला, चोख. मग तो तुटलेला तुकडा आणि एक न तुटलेला शाफ्ट घेऊन आम्ही तिघे मॅग्नाफ्लक्सच्या (डोळ्याला न दिसणारी भेग शोधायच्या तपासणीच्या) खोलीत गेलो. दार लावलं, अंधार केला, निळा दिवा लावला. न तुटलेल्या शाफ्टवर, जिथे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) संपून भिंत सुरू होते त्या गोलाईत, केसाएवढी हिरवी रेघ चमकली. म्हणजे पास झालेलाही पास नव्हता. त्याची वेळ आली नव्हती एवढंच.

त्या गोलाईला फिलेट म्हणतात. ड्रॉइंगवर तिचा आकडा होता आणि रेडियस गेजने मोजल्यावर तो बरोबरच यायचा. पण ग्राइंडिंग व्हीलचा कोपरा झिजला होता, आणि गोलाई जिथे सपाट भागाला मिळते तिथे त्याने एक पायरी ठेवली होती. नखाने ओढलं तर नखाला लागायची, गेजला दिसायची नाही. सगळा ताण त्या पायरीवर येऊन बसत होता. उपाय किरकोळ निघाला: व्हील किती नगांनंतर ड्रेस करायचं, म्हणजे घासून पुन्हा आकारात आणायचं, तो आकडा निम्म्यावर आणला. शोधायला मात्र सात आठवडे गेले, आणि तेवढे आठवडे पुढचं सगळं खोळंबलं. तू ‘एवढी वर्षं काय केलं’ विचारलंस ना, त्यातली बरीच वर्षं अशी जातात. अशा शे-दोनशे पायऱ्या कुणीतरी नखाने शोधलेल्या असतात.

चेसिसबद्दल थोडक्यात. रॉयल एन्फिल्डने २०१३ च्या कॉन्टिनेंटल जीटी ५३५ साठी हॅरिस परफॉर्मन्स या इंग्लिश कंपनीकडून फ्रेम करून घेतली होती. रेसिंगच्या फ्रेम बनवणारी मंडळी. २०१५ मध्ये ती कंपनीच विकत घेतली, आणि २०१७ मध्ये लेस्टरशायरमधल्या ब्रंटिंगथॉर्पला, टेस्ट ट्रॅकला लागूनच, स्वतःचं तंत्रज्ञान केंद्र उघडलं. ६५० ची डबल क्रेडल फ्रेम (इंजिनाला खालून दोन नळ्यांनी कवेत घेणारी) त्या हातातून आली आहे. पोलादी नळ्यांची, दिसायला अगदी साधी. पण २४ अंशांचा रेक (पुढच्या फोर्कचा कल) आणि सुमारे १४०० मिलिमीटरचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) बघ, हे आकडे सुस्त गाडीचे नाहीत. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना ही गाडी दोनशे किलोंची वाटत नाही ती त्यामुळे. पार्किंगमध्ये मागे ढकलताना मात्र पुरेपूर वाटते.

पुढे-मागे दोन्हीकडे १८ इंची चाक ही अशीच एक तडजोड. आजच्या बहुतेक गाड्या १७ इंचावर आहेत, टायरही त्यात भरपूर मिळतात. पण १७ इंची चाक आणि रुंद टायर लावला की साठच्या दशकाचा चेहरा बिघडतो. १९ इंच पुढे लावलं तर गाडी वळायला आळशी होते. १८ घेतलं, पिरेलीकडून टायर बसवून घेतले, प्रश्न मिटला. ग्राहकाला नंतर टायर शोधताना थोडी वणवण पडते, ती त्याच्या खात्यावर.

काटकसर कुठे केली तेही सांगायला हवं, नाहीतर मी जाहिरात करतोय असं वाटेल. मागचे दोन शॉकॉप. ८८ मिलिमीटरचा प्रवास आपल्या खड्ड्यांना कमीच. पेठ रोडला पावसाळ्यात मागे कुणी बसलेलं असेल तर कंबर हिशेब सांगते. पुढचे फोर्क ४१ मिलिमीटरचे, साधे, समायोजन काही नाही. टाकी १३.७ लिटरची, लांबच्या प्रवासाला अपुरी. तारांच्या चाकांत ट्यूब, म्हणजे पंक्चर झालं की चाक उतरवणं आलं. घाटात, संध्याकाळी, दोनशे किलोंच्या गाडीचं मागचं चाक. २०२३ मध्ये काळ्या इंजिनाच्या प्रकारांना अलॉय आणि ट्यूबलेस टायर दिले, दिवा एलईडी झाला, तेव्हा कुठे ही कटकट संपली. पाच वर्षं का लागली? कारण अडीच लाखांत सगळं बसत नव्हतं, आणि पहिल्या वर्षी लोक आवाज आणि रूप बघून येणार होते, रिम बघून नाही. मला हे पटलेलं नाही, पण मी त्यांच्या खुर्चीत असतो तर बहुधा हेच केलं असतं.

उष्णतेचा विषय सगळे विचारतात. हवा आणि तेल यांवर थंड होणारं इंजिन, पुढे ऑइल कूलर. रेडिएटर नाही, पंप नाही, पाण्याच्या नळ्या नाहीत, फुटायला-गळायला तेवढं कमी. बदल्यात काय द्यावं लागलं? कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो तो आकडा, ९.५ वर रोखावं लागलं. पाण्याचं जॅकेट नसलेल्या हेडचं तापमान हाताबाहेर जायला वेळ लागत नाही, कॉम्प्रेशन जास्त असेल तर तिथेच नॉकिंग (पेट्रोल आपोआप, नको तसं पेटणं) सुरू होतं. लिटरमागे ७२ चं दुसरं कारण हे. फायदा असा की आपलं साधं पेट्रोल तिला चालतं. मे महिन्यात दुपारी द्वारकेच्या सिग्नलला पाच मिनिटं थांबलास तर पोटऱ्यांना शेक बसणार. पण गाडी सुटली की दोन मिनिटांत तेल शांत होतं. रोज दोन तास ट्रॅफिकमध्येच काढायचे असतील तर ही गाडी घेऊ नकोस, स्कूटर घे, मनापासून सांगतो.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेला निर्णय, जो कुठल्याही ब्रोशरमध्ये नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली बारीक गॅप कशी राखायची ते.

आजच्या बऱ्याच ताकदवान इंजिनांत व्हॉल्व्हच्या डोक्यावर बादलीसारखी टोपी आणि तिच्यात शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) असतात. हलकं, वरच्या आरपीएमला उत्तम. पण गॅप बिघडली की कॅमशाफ्ट उतरवा, मायक्रोमीटरने शिम मोजा, हवा तो शिम मागवा, परत सगळं चढवा आणि टायमिंगच्या खुणा जुळल्या का बघत देवाचं नाव घ्या. इंटरसेप्टरला एकच कॅमशाफ्ट, रॉकर आणि रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि चेकनट. आजोबांच्या बुलेटवाल्या मेकॅनिकलाही कळेल असं.

माझ्याकडे हे काम सकाळी पहिलं होतं, कारण इंजिन रात्रभर गार झालेलं असायला हवं. टाकी उतरवायची, कव्हर काढायचं, क्रँक हाताने फिरवून पिस्टन वरच्या टोकाला आणायचा. २७० चा क्रँक असल्यामुळे दोन्ही सिलिंडर एकाच वेळी टोकाला येत नाहीत, नवा पोऱ्या इथे हमखास चुकतो. एकाचं करून झालं की क्रँक पुन्हा फिरवून दुसऱ्याचं. फीलर गेजची (गॅप मोजायच्या पट्ट्यांची) ठरावीक जाडीची पाती आत सरकवायची. ती सहज गेली तरी चूक, अडली तरी चूक. ताटाला किंचित चिकटलेला ओला पापड उचलताना बोटांना जेवढा विरोध होतो, तेवढा व्हायला हवा. मग स्क्रू धरून चेकनट आवळायचा आणि पाती पुन्हा घालून बघायची, कारण आवळताना स्क्रू केसभर फिरतोच. आठ व्हॉल्व्हना मला तासभर लागतो, खर्च माझ्या वेळेचा आणि फार तर एका गॅस्केटचा.

पिंपळगावच्या शेतकऱ्याने घेतलेली गाडी तिथल्या गॅरेजमध्ये नीट होऊ शकते, ती या एका निर्णयामुळे. रॉकरचं वजन जास्त, म्हणून नऊ-दहा हजार आरपीएम मिळणार नाहीत, पण ते मुळात नकोच होते. बघ, ताकदीची मर्यादा, टॉर्क, थंड करण्याची पद्धत, कॉम्प्रेशन, टॅपेट, सगळे एकमेकांचा हात धरून उभे आहेत. एकाला बाहेर काढ आणि बाकीचे कोसळतात. इंजेक्शन बदलून, एक्झॉस्ट लावून ‘पॉवर वाढवून द्या’ म्हणणारे येतात माझ्याकडे, त्यांना मी हेच सांगून परत पाठवतो. काही ऐकतात.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्स हा धुराचा कडक नियम आला. कितीतरी गाड्यांची ताकद कमी झाली, काही बंदच पडल्या. या ६५० ची कागदावरची ताकद ४७ च राहिली. इंजिन आखताना पुढच्या नियमापुरती जागा ठेवली होती, हे तेव्हा कळलं. पिळवटून ताकद काढलेल्या इंजिनाकडे अशी जागा नसते.

आणि मग त्या टूलिंगचा हिशेब सुरू झाला. जानेवारी २०२३ मध्ये सुपर मीटिओर, जानेवारी २०२४ मध्ये शॉटगन, त्याच वर्षी नोव्हेंबरात बेअर, मार्च २०२५ मध्ये क्लासिक ६५०. इंजिन तेच. बेअरला दोनाचा एक सायलेन्सर दिला आणि टॉर्क ५६.५ वर नेला, ताकद पुन्हा ४७. म्हणजे आकडा वाढवता येत होता, वाढवला नाही. तुझ्या मित्रांना एवढंच सांगितलंस तरी पुरे.

घ्यायची का? किमतीत एक नवं दुखणं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या मोटरसायकलींना ४० टक्के जीएसटी लागतो, ३५० पर्यंत १८. घरचा होकार नेमक्या किती रकमेचा आहे ते आधी नीट विचारून घे, आणि विम्याचा, रजिस्ट्रेशनचा आकडा धरून विचार.

टेस्ट राइड शोरूमभोवती एक चक्कर मारून घेऊ नकोस. त्र्यंबक रोडने सातपूरच्या पुढे काढ. पाचव्या गिअरमध्ये ताशी ४५ वर एसटीच्या मागे पडून राहा आणि रस्ता मोकळा दिसला की गिअर न बदलता मूठ उघड. परत येताना मुद्दाम एखाद्या गजबजलेल्या सिग्नलला थांब आणि पोटरीला शेक किती लागतो बघ. शोरूममध्ये आल्यावर गाडी बंद करून पार्किंगमधून दहा पावलं मागे ढकल, एकट्याने, सेल्समनचा हात न लावता. आणि हे सगळं करताना वडिलांना मागे बसव. मागच्या सीटबद्दल आणि शॉकॉपबद्दल मी वर जे लिहिलंय ते खरं की खोटं, ते घरी पोचायच्या आत तुला सांगतील.